माळावरचा काळा दगड

(सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली तेव्हापासून पुष्कळांनी मला विचारले की, आयुष्य मोर्चे काढण्यात आणि अग्रलेख लिहिण्यात घालविलेल्या माणसाने भूगर्भशास्त्रावर काय म्हणून बोलावे? प्रश्न रास्त आहे. मी कला शाखेचा पदवीधर. विद्यार्थिदशेत माझा दगडाशी संबंध आला तो शिलालेखापुरताच. परंतु तीन वर्षांपूर्वी एका काळ्या दगडाने माझ्या हातून एक चूक करविली, आणि तिची किंमत मला नव्हे, दुसऱ्यांना मोजावी लागली. तेव्हापासून जाणत्या मंडळींच्या पायांशी बसून जे थोडेफार शिकलो, तेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

हकीकत अशी. आपल्याच भागातील एका खेड्यातील तरुण पंचात बांधलेला एक दगड घेऊन कचेरीत आला. दगड काळा, हातास जड. त्याने खिशातून लोहचुंबक काढून दगडास लावला, तो चिकटला. "साहेब, चुंबकाची धातू आहे," तो म्हणाला. सोबत एका खासगी प्रयोगशाळेचा कागद होता. त्यावर सिरियम, लँथॅनम, निओडिमियम अशी नावे आणि त्यांपुढे आकडे. दूरचित्रवाणीवर त्या दिवसांत हीच नावे रोज कानांवर पडत होती. मी आकडे वाचले नाहीत, नावे वाचली. दुसऱ्या दिवशी चार कॉलमी मथळा झळकला की, आमच्या माळावर 'रेअर अर्थ'चा साठा सापडला!

तो माळ दोघा भावांच्या वाटणीतला. विहिरीची जमीन थोरल्याकडे, खडकाळ माळ धाकट्याकडे. दहा वर्षे कोणाची तक्रार नव्हती. आमचा मथळा वाचून थोरल्याने ती वाटणीच नाकारली व दिवाणी दावा लावला. धाकट्याने शहरातील एका दलालाकडून माळाचा इसार घेतला आणि तो वकिलावर खर्ची घातला. दलाल आता इसार परत मागतो आहे. दगड पुढे एका प्राध्यापकांना दाखविला, तेव्हा त्यांनी तो मॅग्नेटाइटचे प्रमाण अधिक असलेला साधा बेसाल्ट असल्याचे सांगितले. आम्ही खुलासा छापला, तो आतल्या पानावर आणि एका कॉलमात. गेल्या दिवाळीस त्या दोन घरांत फराळाचे ताट इकडून तिकडे गेले नाही.

त्या कागदावरील आकडे मी नंतर वाचले. सिरियम दशलक्ष भागांत ४०, म्हणजे एक टन दगडात ४० ग्रॅम. पृथ्वीच्या कवचातील सिरियमची सरासरीच मुळी टनास सुमारे ६० ग्रॅम आहे. म्हणजे ज्या दगडावर मी चार कॉलम उधळले तो जगातल्या कोणत्याही सरासरी दगडापेक्षा दरिद्री होता! आणि लोहचुंबक? तो चिकटला लोखंडाच्या खनिजामुळे. निओडिमियमचे चुंबक जगात प्रबळ खरे, पण ते लोखंड आणि बोरॉन यांच्यासह कारखान्यात घडवावे लागते. निओडिमियम ज्या खनिजांत असते ती असल्या साध्या चुंबकास चिकटून दाखवीत नाहीत.

येथे नावाचा घोटाळा स्पष्ट केला पाहिजे. 'विरल मृत्तिका' हे नाव अर्धे खोटे आहे, कारण या वस्तू मृत्तिका नाहीत आणि फारशा विरलही नाहीत. १७८७ साली स्वीडनमधील इटरबी गावच्या खाणीत एक काळा, जड दगड सापडला (काळ्या दगडांचे आणि या विषयाचे जुने सख्य दिसते) आणि १७९४ साली गॅडोलिन या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून एक नवी 'माती' वेगळी काढली. एकूण मूलद्रव्ये सतरा. त्यांपैकी इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम या चौघांची नावे त्या एकाच खेड्यावरून पडली. सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकेच आहे. दुर्मीळ आहे ते त्यांचे एके ठिकाणी साठणे. तांबे, शिसे आपला साठा करतात; ही मंडळी सर्वत्र थोडी थोडी विखुरलेली राहतात, आणि एकत्र आली तरी एकमेकांस इतकी चिकटून असतात की वेगळी करताना रसायनशास्त्रज्ञ मेटाकुटीस येतो. तेव्हा "आमच्या दगडात विरल मृत्तिका आहेत का?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, त्या असणारच. विचारायचे ते असे की, निसर्गाने त्या येथे गोळा करण्याचे कोणते काम केले आहे, आणि ते केल्याची खूण कोठे आहे? एखाद्या प्रदेशाची शक्यता पडताळणे म्हणजे या प्रश्नाची तड लावणे.

निसर्ग हे काम थोड्याच रीतींनी करतो. पहिली रीत अग्नीची. पृथ्वीच्या खोल पोटातून कधी कधी असा रस वर येतो की, थंड झाल्यावर त्याचा चुनखडकासारखा दगड होतो. त्यास कार्बोनेटाइट म्हणतात. हा चुना समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा साचलेला नसून ज्वालामुखीच्या पोटातला असतो, हे पुष्कळांस अनेक वर्षे पटत नव्हते. १९६० साली आफ्रिकेतील टांझानियाच्या ओल्डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या मुखात असा कार्बोनेटचा रस वाहताना प्रत्यक्ष पाहण्यात आला आणि वाद मिटला. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही प्रसिद्ध खाण याच जातीच्या दगडात आहे. तेथे टनामागे सत्तर-ऐंशी किलो विरल मृत्तिका निघतात. त्यांच्याजवळ आपले चाळीस ग्रॅम ठेवून पाहा.

दुसरी रीत पाण्याची. डोंगर झिजतो, नद्या वाळू समुद्रास नेतात, लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड कण मागे ठेवतात. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनॅझाइट असाच साठला. १९०९च्या सुमारास शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्रावणकोरहून गेलेल्या काथ्यास चिकटलेल्या वाळूत तो आढळला, असा इतिहास आहे. काथ्याच्या धंद्याने खाणीचा पत्ता दिला! पुढे १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५२च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते आलुवा येथील कारखाना सुरू झाला. म्हणजे हा विषय आपल्या देशास नवा नाही. वृत्तपत्रांस तो नवा वाटतो इतकेच.

आता कोणी म्हणेल, समुद्र तर रत्नागिरीसही आहे आणि तेथील पुळणीतही काळी वाळू आहे. आहे, आणि तीत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज भरपूर आहे. पण मोनॅझाइटाच्या देशातील साठ्यात महाराष्ट्राचा वाटा केवळ नाममात्र. याचे कारण किनाऱ्यावर शोधून सापडावयाचे नाही, ते सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. केरळची वाळू अतिप्राचीन रूपांतरित खडकांतून आली, रत्नागिरीची मुख्यतः बेसाल्टातून. वाळू ही तिच्या डोंगराने धाडलेली चिठ्ठी असते. डोंगराजवळ जे नाही ते चिठ्ठीत कोठून येणार?

तिसरी रीत उन्हापावसाची, आणि आपल्या दृष्टीने मोलाची, कारण आपण जांभ्याच्या मुलुखाचे शेजारी. दक्षिण चीनमधील च्यांग्शी प्रांतात ग्रॅनाइट कुजून झालेल्या मातीत विरल मृत्तिका चिकणमातीच्या कणांस नुसत्या चिकटून बसलेल्या असतात. प्रमाण टनास अर्धा ते दोन किलो, म्हणजे माउंटन पासच्या मानाने क्षुल्लक. पण क्षाराच्या पाण्याने त्या धुऊन निघतात, आणि त्यांत डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारखी जड व महाग मूलद्रव्ये असतात. म्हणून ती माती सोन्याच्या भावाने गेली. (त्या टेकड्या अमोनियम सल्फेटच्या पाण्याने पोखरल्या गेल्या आणि ओढे नासले, हेही सांगितले पाहिजे.) मग आमचा जांभा का नाही? कारण आपला घाटमाथ्यावरील जांभा ग्रॅनाइटाचा पुत्र नसून बेसाल्टाचा आहे. चंदगड-राधानगरीकडील बॉक्साइटही त्याच कुळीतले. आजोबाच्या पेटीत जे नव्हते ते नातवाने कितीही उन्हात तापून मिळवावयाचे कोठून?

या तीन रीती ध्यानी ठेवून आपण आपल्या प्रदेशाकडे पाहू. बेळगावच्या पश्चिमेस व उत्तरेस दक्खनचा काळा कातळ पसरलेला आहे. सामान्य बेसाल्टाकडून विरल मृत्तिकांची अपेक्षा करू नये. पूर्वेकडे, गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो ते कलादगी खोऱ्याचे प्राचीन वालुकाश्म व त्यांचे सोबती. यांपैकी देशनूरच्या परिसरातील वालुकाश्मात युरेनियमची खनिजे आढळल्याचे शास्त्रीय लेखांतून प्रसिद्ध आहे. तेथे प्राचीन वाळूबरोबर मोनॅझाइट साचला होता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. परंतु तो प्रश्नच आहे. दक्षिणेकडे धारवाडी सुभाजा खडक आणि पट्टिताश्म. खाली काणकोण-कारवारकडे खरा ग्रॅनाइट आणि त्याच्या डोक्यावर कोकणचा धुवाधार पाऊस असा योग आहे, तेव्हा चिनी मातीचा प्रश्न जर कोठे विचारावयाचाच असेल तर तो तेथे विचारावा. ज्या माळावरून मी मथळा दिला तो मात्र निखळ बेसाल्टावर आहे. नकाशा मी आधी पाहिला असता तर दोन भावांचा संसार वाचला असता. तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर कोणासही पाहावयास मिळतो.

नकाशानंतर पुढची पायरी यंत्रांची. मोनॅझाइटात थोरियम असते आणि थोरियम किरण सोडते. म्हणून विमानातून किरणमापकाने प्रदेश चाळतात. माउंटन पासचा शोध १९४९ साली युरेनियमच्या मागे निघालेल्या लोकांना किरणमापकाच्या टिकटिकीनेच लागला. मग ओढ्यांचा गाळ. सर्वेक्षण खात्याच्या राष्ट्रीय भूरासायनिक नकाशाच्या कामात दर चौरस किलोमीटरला गाळाचा नमुना घेऊन चार-चार नमुन्यांचे मिश्रण तपासले जाते. एखादा ओढा नेहमीपेक्षा अधिक मूलद्रव्ये दाखवू लागला की त्याच्या उगमाकडे चालत जावयाचे. मग चर खणावयाचे, विंधनछिद्रे घ्यावयाची, आणि शेवटी कोणत्या खनिजात हे द्रव्य आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. ही अखेरची पायरी सामान्य माणसास किरकोळ वाटते, पण बहुतेक मनोरथ येथेच फुटतात. द्रव्य बॅस्टनेसाइटात किंवा मोनॅझाइटात असेल तर ते काढण्याची वाट मळलेली आहे. एखाद्या हट्टी खनिजात अडकले असेल तर भरपूर प्रमाण असूनही खाण होत नाही.

या पायऱ्यांना सरकारी भाषेत नावे आहेत, ती प्रत्येकाने पाठ करावीत: जी-४, जी-३, जी-२ आणि जी-१. जी-४ म्हणजे प्राथमिक टेहळणी, जी-१ म्हणजे सविस्तर तपासणी. बातमीत जी-४ वा जी-३ असे दिसले तर समजावे की वरात निघालेली नाही, अद्याप पत्रिका जुळविण्याचे काम चालू आहे. याचे उदाहरण विरल मृत्तिकांचे नाही, त्यांच्या सख्ख्या सोबतिणीचे, लिथियमचे देतो. २०२० साली मंड्याजवळ १४,१०० टन लिथियम असल्याचा गाजावाजा झाला. अणुखनिज संचालनालयाच्या मोजणीने तो आकडा १,६०० टनांवर आला. २०२३च्या फेब्रुवारीत जम्मूतील रियासी येथे ५९ लाख टनांची घोषणा झाली, ती जी-३ पायरीची होती. पुढच्या वर्षी लिलावास पुरेसे बोलीदारच आले नाहीत आणि तो रद्द झाला. तेव्हा ठळक मथळे देण्याचा अपराध माझा एकट्याचा नाही, एवढेच समाधान!

आता जेथे खरोखर काही आहे त्या ठिकाणी आपणांस नेतो. वडोदऱ्यास व्याख्यानासाठी गेलो असता तेथील एका मराठी स्नेह्यांबरोबर मी छोटा उदेपूरकडे, कवांटच्या पुढे कडीपाणी आणि आंबाडोंगरास जाऊन आलो. डोंगर वर्तुळाकार कड्यासारखा. आजूबाजूस राठवा आदिवासींची वस्ती. हा चुनखडीसारखा दिसणारा दगड वास्तविक कार्बोनेटाइट आहे, हे मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील प्रा. सुखेसवाला आणि अणुखनिज खात्यातील उदास यांनी १९६३ साली दाखवून दिले. गंमत पाहा: हा डोंगर वर आला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्या काळ्या कातळाच्याच महापुराच्या काळात, आणि तो बेसाल्टास भेदून वर आला आहे. म्हणजे बेसाल्टाचा मुलूख सर्वस्वी कोरडा असे म्हणणेही चुकीचे. परंतु आंबाडोंगर नर्मदेच्या खोऱ्यात, कवच खोलवर चिरलेल्या पट्ट्यात उभा आहे. तशी चीर, तसा दगड, तशी खूण आमच्या माळावर कोणी दाखविली नाही.

आंबाडोंगरास फ्लुओराइट सापडले, सुमारे १ कोटी १६ लाख टन धातुक, सरासरी तीस टक्के प्रतीचे; त्यावर गुजरात सरकारच्या खनिज महामंडळाने कडीपाणीस कारखाना काढला. आणि विरल मृत्तिका? त्या आहेत. जुलै २०२५मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार गुजरात व राजस्थानातील कठीण खडकांत मिळून १२ लाख ९० हजार टन विरल मृत्तिका ऑक्साइडे आहेत. पण १९६३पासून साठ वर्षे उलटली तरी आंबाडोंगरातून त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झालेले नाही. तेथे मुख्यतः हलकी मूलद्रव्ये, कण बारीक, चुन्याशी व इतर खनिजांशी गुंतलेले. खराखुरा, नावाजलेला, शास्त्रज्ञांनी पिढ्यान्पिढ्या अभ्यासलेला डोंगर साठ वर्षे थांबतो आणि आमच्या माळाचा इसार साठ दिवसांत होतो! स्वीडनच्या लोकांचा सावधपणा मला आवडला. २०२३च्या जानेवारीत त्यांच्या सरकारी खाण कंपनीने किरुना येथे दहा लाख टनांहून अधिक ऑक्साइडे असल्याचे जाहीर केले, आणि त्याच श्वासात सांगितले की बाजारात माल येण्यास निदान दहा-पंधरा वर्षे लागतील.

मग इतकी घाई कशासाठी, असे विचाराल. कारण बाहेर खरीखुरी टंचाई आहे. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि मोटारींचे कारखाने हादरले. आपल्या केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या जानेवारीत महत्त्वपूर्ण खनिजांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले होते. शोध वाढणार, पथके येणार, विमाने फिरणार. आणि ते इष्टच आहे. देशाची निकड मला मान्य आहे. परंतु ८ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजे व महत्त्वपूर्ण खनिजे यांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली, हे आपणांपैकी कितीजणांनी वाचले? ज्या सभामंडपात उभे राहून आपण प्रश्न विचारीत आलो तो मंडपच काढून घेतला. राष्ट्रहिताच्या नावावर प्रश्नांची सुट्टी, ही गोष्ट मला मान्य नाही. मोनॅझाइटाबरोबर थोरियम येते, ते गाळात राहते; तो गाळ कोणाच्या ओढ्याकाठी साठवायचा, हे ज्याचा ओढा त्याने विचारायचे नाही तर कोणी?

म्हणून जे विचारायचे ते आता आधीच, टेहळणीच्या वेळीच, विचारले पाहिजे. पथक गावात आले तर त्यांना पाणी द्या, वाट दाखवा, आणि विचारा: कोणत्या पायरीचे काम, कोणत्या खात्याचे, कशाच्या शोधात? सरकारी भूवैज्ञानिक सहसा मोकळेपणाने सांगतो. त्याच्याजवळ लपविण्यासारखे बहुधा काही नसते. दलालास मात्र विचारा की खनिज कोणते, टनास किती, किती छिद्रे घेतली, खाली किती खोल गेली. आणि त्यास हेही सांगा की, उताऱ्यावर नाव असल्याने किंवा जमीन खरेदी केल्याने असली खनिजे खणण्याचा परवाना मिळत नाही. खाणपट्टा सरकारकडून, कायद्याने ठरलेल्या मार्गानेच मिळतो. जमीन घेऊन तो काय करणार आहे, याचे उत्तर देताना त्याचा चेहरा पाहावा.

तो तरुण अजून अधूनमधून कचेरीत येतो. आता त्याच्या हाती चुंबक नसतो. गाळाचे नमुने कसे घेतात ते तो एका महाविद्यालयात शिकत आहे. परवा त्याने मला विचारले, "साहेब, आमच्या ओढ्याचा आकडा कमीच आला, तर तेही छापाल का?" मी होकार दिला आहे, आणि पहिल्या पानावर छापीन असे कबूल केले आहे. त्या दोन भावांच्या दाव्याची पुढली तारीख चैत्रात आहे. आमचा जुना अंक पुरावा म्हणून दाखल झाला आहे, आणि माझी साक्ष व्हावयाची आहे.

जिल्ह्याचा भूवैज्ञानिक नकाशा छापून घेऊन वाचनालयाच्या मागील भिंतीवर लावला आहे. जाताना आपापले गाव कोणत्या रंगात येते ते पाहून जावे. ग्रंथपालांनी त्यासाठी दिवे आणखी अर्धा तास चालू ठेवण्याचे कबूल केले आहे.